जांभळीतलं पिवळीत

सुईताईंना त्यांच्या कागदोपत्री नावानं हाक मारून बघा, त्या मान वळवणार नाहीत. सत्तावीस वर्षं एकाच रुग्णालयाच्या तळमजल्यावर, एकाच खोलीत बसून त्या लोकांचं रक्त काढतात. एवढ्या वर्षांत लोकांनी त्यांचं नाव आडनावासकट पुसलं आणि तिथे सुई लावून टाकली. शेजारच्या खोलीत रक्त तपासणारं यंत्र चालवणारा त्यांचा सहकारी तर तोंडावर डासबाई म्हणतो. त्या त्याला मशीनभाऊ म्हणतात, म्हणजे फिट्टंफाट.

खोली एवढीशी. एक खुर्ची, हात टेकायला फळी, आणि समोर लाकडी घोडीत उभ्या केलेल्या नळ्या. पिवळ्या झाकणाची नळी मूत्रपिंड, यकृत, थायरॉईड आणि रक्तातल्या क्षारांसाठी. राखाडी साखरेसाठी. जांभळी हिमोग्लोबिनसाठी, पेशी मोजायला, आणि मधुमेहवाल्यांनी तीन महिन्यांत काय काय खाल्लं ते उघडं पाडायला. जांभळीत रक्त गोठू नये म्हणून तळाशी एक क्षार लावलेला असतो. कुठली नळी आधी, कुठली नंतर, याचा तक्ता भिंतीवर आहे. तो सुईताईंनी स्वतः लिहिलाय, आणि खाली लाल अक्षरात ठणकावलंय, ‘जांभळीतलं पिवळीत कधीही ओतू नये.’

माणसं तरी काय एकेक येतात! उपाशी पोटी या म्हणून सांगितलं, की हमखास एक जण म्हणणार, “ताई, काही खाल्लं नाही हो. नुसता चहा घेतला.”

“साखरेचा?”

“दोनच चमचे.”

“मग तो पोटात नाही गेला, चपलेत गेला वाटतं? उद्या या!”

असं खेकसतील, पण बाई हाताची पक्की. कितीही जाडा दंड असो, कितीही म्हातारी, सुकलेली शीर असो, एका टोचणीत काम फत्ते. “झालं? कधी टोचलंत?” असं कुणी म्हटलं की सुईताईंना आतून गुदगुल्या व्हायच्या. वरून मात्र “कापूस दाबून धरा, पुढचे या.” आणि नेमकं इथेच घोडं पेंड खातं बघा. कौतुक ऐकून ऐकून बाईंची अशी गत झाली, की दुसऱ्यांदा टोचणं म्हणजे चारचौघांत नाक कापून घेणं. माणसाचा गुण कधी त्याच्या डोक्यावर बसतो ते त्यालाही कळत नाही.

त्या सोमवारी सकाळी घड्याळकाका आले. वय एकोणऐंशी, चौकात घड्याळदुरुस्तीचं दुकान, वीस वर्षांचा मधुमेह. मूत्रपिंडाचा आकडा रेषेच्या जरा वर, पण गेली चार वर्षं तिथेच बसून. दर तीन महिन्यांनी यायचे आणि सुईताईंशिवाय कुणाला हात लावू द्यायचे नाहीत. या वेळी मुलगी बरोबर होती, तोंड उतरलेलं.

“दोन आठवडे झाले, पोटऱ्यांत गोळे येतात यांना,” ती म्हणाली. “आणि एक जिना चढले की धाप लागते. डॉक्टरांनी सगळंच करायला सांगितलंय.”

“घड्याळ जुनं झालं, पोरी,” काका सुईताईंना म्हणाले. “आता टिकटिक कमी, कुरकुर जास्त.”

“हात द्या आणि गप्प बसा,” सुईताई म्हणाल्या.

शीर सापडली, सुई गेली, सिरिंज भरायला लागली, आणि मध्येच शीर बसली. सुईताईंनी सुई जराशी मागे घेतली, जराशी फिरवली. काही नाही. जेवढं मिळालं तेवढं त्यांनी नळ्यांत घातलं. राखाडीत थेंबभर, जांभळी खुणेपर्यंत, आणि पिवळीत अगदीच बुडाशी. एवढ्यात भागणार नव्हतं. आता खरं म्हणजे दुसऱ्या हाताला टोचायचं. बस्स, एवढंच.

“झालं? कधी टोचलंस?” काका म्हणाले.

मुलगी तिकडे पिशवीत चष्मा शोधत होती. सुईताईंनी पाठ वळवली, जांभळीचं झाकण काढलं, त्यातलं अर्धं पेर रक्त पिवळीत ओतलं आणि दोन्ही झाकणं लावून टाकली. रक्त तेच, माणूस तोच. काय होतंय एवढ्याशानं?

“झालं काका. कापूस दाबा. कँटीनमध्ये जाऊन खाऊन घ्या.”

तासाभरानं मशीनभाऊ दारात उभा राहिला. एरवी तो दारातूनच काहीतरी खवचट बोलतो. आज बोलला नाही.

“घड्याळवाल्यांचं पोटॅशियम आठ पॉइंट एक आलंय.”

सुईताईंच्या हातात कुणाचा तरी दंड होता. त्यांनी पट्टा सोडला. पोटॅशियम साडेतीन ते पाचच्या आत असावं लागतं. सहाच्या वर गेलं की डॉक्टर धावतात. आठ म्हणजे हृदय कुठल्या क्षणी थांबेल याचा नेम नाही. मूत्रपिंड दुबळं असलेल्या माणसाचं ते खरोखर वाढू शकतं, म्हणून तर हा आकडा दिसला की रिपोर्ट छापायचीसुद्धा वाट न बघता फोन करायचा असा नियम आहे.

“दोनदा चालवलं. तेवढंच,” मशीनभाऊ म्हणाला. “आणि कॅल्शियम पार झोपलंय. तीन पॉइंट नऊ. नमुना बघितला, स्वच्छ आहे, पोटॅशियम चढवतील अशा फुटलेल्या पेशी नाहीत.” मग त्यानं आवाज खाली आणला. “ताई, राग मानू नका. नळीत काही ओतलं-बितलं नाही ना?”

त्यानं डासबाई म्हटलं नाही, ताई म्हटलं. तो गंभीर होता. आणि सुईताईंना त्या क्षणी सगळं लख्ख कळलं. जांभळीतला तो क्षार पोटॅशियमचाच. तो पिवळीत गेला की पोटॅशियम खोटंखोटं चढतं, आणि तोच क्षार कॅल्शियम धरून बसतो म्हणून कॅल्शियम खोटंखोटं पडतं. हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनीच तर भिंतीवर लिहिलं होतं! तोंड उघडून “हो” म्हणायचं, की संपलं. पण खुर्चीत पेशंट, दाराशी आणखी चार, सगळे ऐकताहेत.

“मी?” त्या फणकारल्या. “सत्तावीस वर्षं झाली मला! तुझं ते डबडं बघ आधी.”

“मशीन ठीक आहे. सकाळीच तपासलंय.” मशीनभाऊ म्हणाला. “बरं. मग मी फोन करतो.”

तो गेला. सुईताईंनी पुढच्या माणसाच्या दंडाला पट्टा बांधला. शीर टपोरी, डोळे मिटून टोचावं अशी.  भिंतीपलीकडून मशीनभाऊचा आवाज येत होता. “हो, आठ पॉइंट एक. हो, दोनदा केलंय. घेणाऱ्या बाईंना विचारलंय, नमुना बरोबर आहे.”

विचारलंय! सुईताईंनी सुई टाकून दिली. “जरा बसा,” एवढंच बोलल्या आणि निघाल्या. तातडीचा विभाग वरच्या मजल्यावर. लिफ्टपाशी गर्दी, म्हणून त्या जिन्यानं गेल्या. त्रेपन्न वर्षांची बाई दोन-दोन पायऱ्या चढत होती, आणि डोक्यात एकच चाललं होतं. आठला काय देतात? हृदयाला सावरायला एक इंजेक्शन, मग सलाईनमधून साखर आणि इन्सुलिन, पोटॅशियम खाली ओढायला. ज्याचं खरंच वाढलंय त्याचा जीव वाचतो. ज्याचं मुळात ठीक आहे त्याचं पार तळाला जातं, आणि तळाला गेलेल्या पोटॅशियमनंही हृदय थांबतं. म्हणजे मारायचं औषध वर डॉक्टरांच्या हातात आणि त्याची चिठ्ठी लिहिली सुईताईंनी.

वर गेल्या तर काका खाटेवर. शर्ट काढलेला, छातीवर वायरी. नर्स सलाईन लटकवत होती. मुलगी हातात एक कागद धरून उभी होती, आणि तरुण डॉक्टर तिला सांगत होते, “मानेतून नळी घालावी लागेल. आकडा असाच राहिला तर डायलिसिस. सही करा, वेळ नाही.”

“बघ पोरी,” काका सुईताईंकडे बघून हसले, “मला कँटीनमधून उचलून आणलं. अर्धा चहा तिथेच राहिला.”

 आणि सुईताईंनी आधी काय केलं? खोटंच बोलल्या. माणूस मोठा चिवट असतो हो, बुडतानाही आधी आपली टोपी सांभाळतो.

“डॉक्टर, नमुन्यात गुठळी झाली असेल. मी दुसरा घेते.”

“घ्या,” डॉक्टर म्हणाले, “पण मी त्यासाठी थांबणार नाही. लॅबनं दोनदा चालवलंय, नमुना स्वच्छ म्हणून सांगितलंय. पेशंटच्या पायात गोळे येतात, मूत्रपिंड दुबळं आहे, सगळं जुळतंय.”

“पण ईसीजीची पट्टी?”

“पट्टीत यांच्या जुनाच बिघाड आहे. तिच्यावर विसंबता येत नाही.” आणि ते नर्सकडे वळले. “इन्सुलिन भरा.”

नर्सनं बाटलीत सुई खुपसली. सुईताईंनी ते पाहिलं आणि त्यांच्या तोंडून आलं ते ओरडणंच होतं.

“भरू नका! मी ओतलं! जांभळीतलं पिवळीत ओतलं मी!”

 डॉक्टरांना पटकन अर्थ लागला नाही, मुलीला तर काहीच नाही. मग सुईताईंनी सगळं सांगितलं. शीर बसली. रक्त कमी पडलं. दुसऱ्यांदा टोचायला नको म्हणून एका नळीतलं दुसरीत घातलं. खाली लॅबमध्ये विचारलं तेव्हा नाही म्हटलं. “कॅल्शियम तीन पॉइंट नऊ आलंय, डॉक्टर. खरंच तेवढं असतं तर यांचे हात वाकडे झाले असते, झटके आले असते. हे चहाची चौकशी करतायत.”

डॉक्टरांनी काकांचा हात उचलून बोटं वाकवून बघितली, कॅल्शियम कमी असलं तर गाल उडतो म्हणून गालावर टिचकी मारून बघितली. काही उडालं नाही. मग नर्सला म्हणाले, “थांबा.” आणि सुईताईंना म्हणाले, “दहा मिनिटांत नवा आकडा द्या. यांचं मूत्रपिंड खरंच दुबळं आहे. समजा दोन्ही खरं असलं, तुम्ही ओतलंही आणि वाढलेलंही असलं, तर मी थांबून यांना मारतोय. कळतंय ना?”

कळत होतं.  सुईताई पुढे झाल्या, तर मुलगी आडवी आली.

“तुम्ही हात लावायचा नाही. माझ्या बाबांना तुम्ही हात लावायचा नाही!”

मग नर्सनं रक्त काढायला घेतलं. डाव्या हाताला एकदा, नाही मिळालं. पुन्हा एकदा, तिथे टेंगूळ आलं. उजव्या मनगटाला, तेही नाही. काका ओठ चावून पडले होते. भिंतीवरचं घड्याळ पुढे सरकत होतं. डॉक्टर त्या बाटलीकडे आणि दाराकडे आळीपाळीनं बघत होते. सुईताई भिंतीला टेकून, दोन्ही हात पदरात गुंडाळून उभ्या होत्या, जणू ते हात त्यांचे नव्हतेच.

“पुरे,” काका म्हणाले. त्यांनी उजवा दंड पुढे केला. “हिच्याकडूनच.”

“बाबा!”

“अगं, हिची चूक मला माहीत तरी आहे. बाकीच्यांच्या कुठे माहीत आहेत?”

सुईताईंनी पट्टा बांधला. डोळ्यांत पाणी, शीर धूसर दिसते. पहिली टोच चुकली. कोपराच्या आत, सगळ्यांसमोर, स्वच्छ चुकली. “काका, मिळाली नाही. परत टोचते.” दुसऱ्या टोचेला रक्त आलं. पिवळी आधी भरली, खुणेपर्यंत. मग त्या नळी मुठीत धरून स्वतःच जिना उतरल्या.

मशीनभाऊनं नळी घेतली, काही विचारलं नाही. वरून फोन आलेला असावा. रक्त गोठायला वेळ लागतो आणि तेवढा वेळ नव्हता, म्हणून त्यानं घाईच्या नमुन्यासाठी असतं ते छोटं यंत्र लावलं. दोन मिनिटं. त्या दोन मिनिटांत सुईताईंनी कबूल केलं, “तू विचारलंस तेव्हा मी खोटं बोलले.”

“शंका होतीच मला,” तो पडद्याकडे बघत म्हणाला. “तरी फोन केला. माझ्या शंकेपेक्षा तुमच्या ‘नाही’वर जास्त विश्वास ठेवला.”

आकडा आला. चार पॉइंट सहा. कॅल्शियमही जागेवर.

 मशीनभाऊनं वर फोन लावला, आणि बोलता बोलताच तो काकांच्या सकाळच्या जांभळ्या नळीचा रिपोर्ट उघडून बघायला लागला. बघता बघता त्याच्या कपाळाला आठी पडली. जांभळीतून रक्त काढून घेतलं तरी आतलं होतं ते अस्सलच राहिलं होतं, त्याचा आकडा खोटा होण्याचं कारण नव्हतं. हिमोग्लोबिन सात. तीन महिन्यांपूर्वी बारा होतं. लाल पेशी लहान, फिकट. म्हणजे धाप, थकवा, पाय दुखणं सगळं तिथेच होतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा. सकाळी नऊ वाजल्यापासून तो आकडा पडद्यावर होता, आणि खोट्या आठच्या धावपळीत तिकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही. तीन महिन्यांत एवढं रक्त हवेत जात नाही. ते आतून कुठेतरी झिरपत होतं.

काकांना दाखल करून घेतलं, रक्त चढवलं. आतड्यात दुर्बीण घालून बघितल्यावर एक गाठ सापडली. वेळेत सापडली असं डॉक्टर म्हणाले, शस्त्रक्रियेनं निघेल. हे कळलं तेव्हा गुरुवार उजाडला होता. मुलगी सुईताईंशी बोलली नाही, आणि तिनं बोलावं असं सुईताईंनाही वाटलं नाही.

त्याच सोमवारी दुपारी मात्र लॅबच्या डॉक्टरीणबाईंनी त्यांना केबिनमध्ये बोलावलं. त्या वयानं सुईताईंपेक्षा लहान, आवाज कधी न चढवणाऱ्या. मशीनभाऊ बाजूला उभा होता.

“वर जाऊन स्वतः सांगितलंत, ते मी लिहून ठेवलंय,” त्या म्हणाल्या. “खाली खोटं बोललात, तेही लिहिलंय. महिनाभर सुई धरायची नाही, नळ्यांना चिठ्ठ्या चिकटवायच्या. आता एकच सांगा. याआधी कधी केलंय?”

‘नाही’ हा शब्द जिभेवर तयारच होता. सकाळी एकदा वापरून झालेला, सरावाचा.

“केलंय,” सुईताई म्हणाल्या. “एकदा-दोनदा. थेंबभर. कधी ते आठवत नाही, मॅडम. काही झालं नाही असं वाटलं होतं.”

“झालं नाही, की कळलं नाही?”

 डॉक्टरीणबाईंनी मशीनभाऊला सांगितलं, गेल्या चार वर्षांत पोटॅशियम वर आणि कॅल्शियम खाली असे जेवढे रिपोर्ट गेलेत तेवढे काढ, आणि रक्त कुणी घेतलं तेही. तो बसला. सुईताई त्याच्या मागे उभ्या राहून बघत होत्या. पुष्कळ ओळी खऱ्या आजाऱ्यांच्या होत्या, मूत्रपिंड निकामी झालेल्यांच्या. त्या गाळत गाळत शेवटी तीन उरल्या. तिन्हीपुढे सुईताईंची खूण. दोघांची तपासणी त्याच आठवड्यात पुन्हा झाली होती आणि ठीक आली होती. तिसऱ्या ओळीवर मशीनभाऊचं बोट थांबलं. पोटॅशियम सहा पॉइंट दोन. तीन वर्षांपूर्वीचं. आडनाव सुईताईंचंच होतं.

“ही कोण तुमची?”

“थोरल्या जाऊबाई,” सुईताई म्हणाल्या.

त्यांना ती सकाळ आठवली. स्वतःच घेऊन आल्या होत्या जाऊबाईंना, बारीक शिरांच्या. घरच्या माणसाला दोनदा कसं टोचायचं! रिपोर्ट आला, डॉक्टरांनी पथ्य सांगितलं. केळी बंद, बटाटा बंद, टोमॅटो बंद. महिन्यानं पुन्हा तपासलं तर आकडा उतरलेला. सगळे म्हणाले, बघा, पथ्यानं गुण आला. गुण आला म्हटल्यावर पथ्य कोण सोडतं? तीन वर्षं चाललं होतं, आणि घरातली पहारेकरीण कोण, तर सुईताई. एकदा पाहुण्यांच्या देखत त्यांनी जाऊबाईंच्या हातातलं केळं काढून घेतलं होतं. “वहिनी, पोटॅशियम वाढलं ना, तर माणूस झोपेतच जातो. कळतसुद्धा नाही,” असं बजावलं होतं. त्यांच्या भल्यासाठीच.

“त्या दोघांना मी फोन करते,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “यांना तुम्हीच सांगा.”

संध्याकाळी घरी आल्या तेव्हा जाऊबाई स्वयंपाकघरात शेंगा निवडत बसल्या होत्या. सुईताईंनी येताना घेतलेली केळी त्यांच्यापुढे ठेवली.

“आज काय विशेष? आणि मला काय दाखवतेस, मला कुठे चालतात?”

“चालतात, वहिनी.”

“डॉक्टरांनी परवानगी दिली?”

“त्यांनी नाही, मी अडवलं होतं तुम्हाला. तुमचं पोटॅशियम कधी वाढलंच नव्हतं. मी रक्त चुकीचं भरलं होतं.” आणि मग त्यांनी सगळं सांगितलं, काकांचंही, काही न गाळता.

जाऊबाईंचे हात शेंगांवर थांबले.  मग त्यांनी एक केळं तोडलं, सोललं, एक घास खाल्ला आणि उरलेलं ताटलीत ठेवून दिलं.

“केळ्याचं काय गं,” त्या म्हणाल्या. “एक फळ नाही खाल्लं म्हणून काही अडत नाही. पण तीन वर्षं मी रोज रात्री दार उघडं ठेवून झोपते. गेले तर सकाळी तुम्हाला लगेच दिसावं म्हणून.”

 सुईताई तिथेच, चपला न काढता, जमिनीवर बसून राहिल्या.